एका घोंगडीची नोंद

भीमेच्या काठी, गाणगापूरच्या वरच्या अंगाला आमचे मूळ गाव आहे. गावात दत्ताचे लहानसे देऊळ आहे, आणि देवळाच्या ओवरीत भिंतीला टेकवून ठेवलेली एक शहाबादी फरशी गेले वर्षभर अक्षरांची वाट पाहत उभी आहे. फरशी घासून गुळगुळीत केलेली आहे, कडा साधलेल्या आहेत, चार कोपऱ्यांना भोके पाडून झालेली आहेत. तीवर काय कोरावयाचे, याचा मजकूर मात्र अद्याप ठरलेला नाही. आणि तो न ठरण्याचे खापर गावकरी आमच्या माथी फोडतात. त्यात त्यांचे काही चुकते असेही नाही.

हकीकत अशी. देवळाच्या उत्सवमंडळींच्या मनात आले, की आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांनी काळ्या पाण्यावर जाण्यापूर्वी शेवटचा सुखाचा घास ज्या गावात घेतला, ते आपले गाव. तेव्हा त्याची खूण असावी. तो घास ज्या घरात घेतला ते घर आमचे. आमच्या खापरपणजीने तापाने फणफणलेल्या एका परक्या माणसाला ओट्यावर बसवून आंबील पाजली, खापरपणजोबांनी त्याला घोंगडी दिली, आणि तो नदीकडे निघून गेला, असे आमच्या घरी चार पिढ्या सांगत आले आहेत. दरवर्षी नागपंचमीला आमच्या ओट्यावर आंबिलीचा एक वाडगा झाकून ठेवतात. त्याला ‘वासुदेवाची आंबील’ म्हणतात. मंडळींचे म्हणणे इतकेच होते, की आम्ही कलबुर्गीच्या उच्च न्यायालयाच्या पीठापुढे उभे राहणारे वकील आणि त्या घराचे वंशज, तेव्हा फरशीवरचा मजकूर आम्हीच लिहून द्यावा. लिहिणे चार ओळींचे होते. परंतु ज्याची रोजची भाकरी दुसऱ्यांच्या साक्षी तपासण्यावर आहे, त्याने आपल्या घरची साक्ष तपासल्यावाचून दगडावर सही कशी करावी? आम्ही आठ दिवसांची मुदत मागून घेतली. तिला आता वर्ष होऊन गेले.

या कामासाठी प्रथम आम्ही फडक्यांचे चरित्र पुन्हा एकदा, पण या वेळी खटल्याचे कागद वाचावेत तसे वाचले. पनवेलजवळच्या शिरढोणचा, ४ नोव्हेंबर १८४५ चा जन्म. आजा कर्नाळ्याचा किल्लेदार, आणि नातू पुण्याच्या लष्करी हिशेबखात्यात कारकून. आई आजारी असताना रजा मिळाली नाही, आणि तिची अखेरची भेट चुकली. हा घाव त्यांच्या मनातून कधी भरून आला नाही. त्यावर १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आला. तो त्यांनी गावोगाव हिंडून डोळ्यांनी पाहिला. १८७९ च्या फेब्रुवारीत धामारीवर पहिला छापा पडला. बरोबर रामोशी मंडळी होती. दौलतराव नाईक हा त्यांतला खरा सेनापती. तो मे महिन्यात मेजर डॅनियलच्या तुकडीशी लढताना पडला.

लुटीच्या वाटणीवरून हाताखालच्या माणसांशी खटके उडाले, ज्यांच्यासाठी हे करावयाचे तेच पैसा हाती येताच घराकडे वळतात, अशी कडवट तक्रार फडक्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. आम्हांस त्या तक्रारीचे फारसे कौतुक वाटत नाही. ज्याच्या घरी दोन वर्षे चूल धड पेटलेली नाही, त्याने हाती आलेले पाच रुपये स्वराज्याच्या खजिन्यात ठेवावेत ही अपेक्षा कारकुनाची आहे, उपाशी माणसाची नव्हे. पण हेही खरे, की ही तक्रार करणारा माणूस स्वतःसाठी त्या लुटीतले काहीच ठेवीत नव्हता.

त्याच वर्षी ते श्रीशैलाच्या मल्लिकार्जुनाकडे गेले. सर्व फसले, आता देवापुढे देह ठेवावा, या निश्चयाने गेले. आणि देह ठेवण्यापूर्वी आपली सारी कथा कागदावर लिहून काढली. कोणते छापे घातले, कोण बरोबर होते, काय मिळाले, काय करावयाचे होते, आणि ते झाले नाही म्हणून देशबांधवांची क्षमा. मरणाच्या दारातल्या माणसाने देवाला दिलेली ही जबानी होती. मरण मात्र त्या दारातून आले नाही. ते परत फिरले. कागद झोळीत राहिले. पुढे गाणगापूर गाठले आणि निजामाच्या मुलखातून रोहिले व अरब जमवून पुन्हा उठावणी करण्याचा खटाटोप आरंभला.

गाणगापुराविषयी या पानांच्या वाचकांस आम्ही काय सांगावे? भीमा-अमरजेचा संगम, औदुंबर, निर्गुण पादुका, आणि दुपारी माधुकरीला निघणारी झोळीवाल्यांची रांग. दत्तभक्त असलेल्या फडक्यांना हे ठिकाण मनाला ओढणारे होतेच. परंतु लपावयासही याहून सोयीचे ठिकाण शोधून सापडले नसते. जेथे प्रत्येक जण परका, प्रत्येकाच्या खांद्यावर झोळी, आणि कोणी कोणाला ‘कुठले?’ म्हणून विचारले तरी उत्तराची वाट पाहत नाही, तेथे एक दाढी वाढलेला कोकणस्थ ब्राह्मण सहज मिसळून जातो. शिवाय हा मुलूख निजामाचा. मुंबई सरकारचा हुकूम भीमेच्या अलीकडे आपोआप चालत नव्हता; त्यासाठी हैदराबादच्या परवानगीने, हैदराबादच्या माणसांना बरोबर घेऊन यावे लागे. नदीच्या पलीकडे कलादगी जिल्हा, जो पुढे विजापूरचा जिल्हा झाला, तो इंग्रजांचा. उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातून गुरे जातात अशी ही नदी कायद्याच्या नकाशावर केवढी खोल होती, हे आमच्या गावच्या माणसांना ठाऊक होते. या तीराला दरोडा घालून त्या तीराला निजणारे लोक त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले होते.

पण नदीचा हा न्याय दोन्ही बाजूंनी चालतो. मेजर डॅनियल आणि निजामाकडील पोलीस अधिकारी अब्दुल हक हे दोघे मिळून पाठलागावर होते. फडके पंढरपूरच्या वाटेने निघाले, भीमेपलीकडे गेले, आणि २० जुलै १८७९ च्या रात्री कलादगी जिल्ह्यातल्या देवर नावदगी या गावी, देवळात अंगात ताप घेऊन निजलेले असताना पकडले गेले. झोळीत ते कागद होते.

आता वकिलाच्या दृष्टीने या प्रकरणाचा मर्मभाग येतो. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब अग्राह्य ठरवला होता. पोलिसांनी मारून-झोडून वदवलेले शब्द आरोपीच्या गळ्यात पडू नयेत हा त्यामागचा हेतू. फडक्यांना पोलिसांनी एक शब्दही वदवला नसता तरी चालले असते. त्यांनी जे सांगावयाचे ते श्रीशैलावर सांगून ठेवले होते, स्वहस्ताक्षरात, कोणाच्याही दडपणाखाली नव्हे. देवाला सांगितलेले अग्राह्य, असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही. पुण्याच्या सत्र न्यायालयात त्यांच्या बाजूने महादेव चिमणाजी आपटे उभे राहिले. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, यांनीही त्यांची बाजू घेतली होती. त्या दिवसांत या आरोपीचा वकालतनामा घेणे म्हणजे सरकारच्या डोळ्यांत भरणे होते, हे आज काळा डगला चढवणाऱ्या आम्हां मंडळींनी विसरू नये. हेच आपटे पुढे १८८८ साली पुण्यात आनंदाश्रम स्थापून जुन्या पोथ्या जतन करण्याच्या कामाला लागले. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या देवघरांत आनंदाश्रमाची छापील पुस्तके असतील. हजारो हस्तलिखिते वाचवणाऱ्या या गृहस्थाला एका अशिलाला त्याच्याच हस्तलिखितापासून वाचवता आले नाही. नोव्हेंबर १८७९ मध्ये जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

काळे पाणी म्हटले की आपल्या मनात अंदमान उभे राहते, कारण १८५८ पासून तेथे वसाहत होती आणि पुढे सावरकरांनी ते नाव घरोघर पोहोचवले. परंतु ही शिक्षा बेटाचे नाव सांगत नसे. ती फक्त ‘समुद्रापार’ एवढेच सांगे. कुठे ते सरकार ठरवी. मुंबईचे कैदी कधी पिनांग-सिंगापूरकडे, कधी मॉरिशसला गेले. उलट पूर्वेकडचे चिनी आणि मलायी कैदी महाबळेश्वरास आणून ठेवले होते. १८३४ ते १८६४ पर्यंत तेथे त्यांचा तुरुंग होता, आणि ते भाजीपाला पिकवीत व वेताच्या टोपल्या विणीत. आपले थंड हवेचे ठिकाण कोणा चिनी माणसाचे काळे पाणी होते, ही गोष्ट तेथे स्ट्रॉबेरी खाताना कोणाच्या ध्यानात येत नाही. आमच्या कोकणी वाचकांना तर हे पाणी अधिक जवळचे. पोर्तुगीजांनी १९४६ साली त्रिस्तांव ब्रागांझ कुन्यांना पेनिशच्या किल्ल्यात नेऊन ठेवले, आणि मोहन रानडे काशियासच्या किल्ल्यातून गोवा मुक्त होऊन सात वर्षे उलटल्यावर, १९६९ च्या जानेवारीत सुटले.

हिंदूंना ही शिक्षा फाशीहून भयंकर वाटते असे इंग्रज अधिकारी समाधानाने लिहीत. समुद्र ओलांडला की जात गेली, अन्नपाण्याचा आचार गेला, मेल्यावर पिंड कोण देणार याचा भरवसा गेला. म्हणजे शिक्षेची धार त्यांनी आपल्याच धर्मशास्त्राच्या दगडावर लावून घेतली होती. आमच्या या टापूत तिचा धाक त्याआधीच दोनदा घरापर्यंत येऊन गेला होता. सुरपूरचा तरुण राजा व्यंकटप्पा नायक याला १८५८ साली प्रथम फाशी, मग ती बदलून जन्मठेप काळे पाणी, आणि ते बदलून चार वर्षांची किल्ल्यातली कैद असा शिक्षेचा उतार मिळत गेला. मेडोज टेलरने त्याच्यासाठी रदबदली केली होती. पण किल्ल्याकडे नेत असता वाटेतच त्याचा पिस्तुलाच्या गोळीने अंत झाला. दुसरे नारखेडचे पटवारी रंगराव. नानासाहेबांचा संदेश घेऊन आलेले, कौलासच्या राजाशी मिळून उठाव करू पाहणारे. त्यांची फाशी काळ्या पाण्यावर आली आणि ते अंदमानात १८६० मध्ये वारले. त्यांनी श्रीशैलावर बसून काही लिहिले नाही. म्हणून त्यांच्याविषयी आज दोन परिच्छेदांपलीकडे बोलता येत नाही, आणि फडक्यांविषयी बोलता येते. मुंबई सरकारने १९५७ साली स्वातंत्र्यलढ्याच्या साधनांचा पहिला खंड छापला, त्यात ज्या कागदांनी त्यांचा घात केला तेच कागद आहेत.

फडके १८८० च्या जानेवारीत एडनला पोहोचवले गेले. एडन तेव्हा मुंबई सरकारच्याच कारभारात होते, म्हणून हा समुद्रापारचा तुरुंगही घरच्याच खात्यावर. झाड नाही, झरा नाही, मरून पडलेल्या ज्वालामुखीच्या पोटात वसलेले गाव. तेथून त्यांनी कोठडीचे दार बिजागऱ्यांसकट उचकटून पळ काढला. पायाला परका मुलूख, तोंडात परकी भाषा. काही मैलांवर पुन्हा पकडले गेले. गाणगापूरला जो माणूस गर्दीत मिसळून दिसेनासा होऊ शकत होता, तो एडनच्या उघड्या वाळवंटात दुरूनच दिसला. त्यानंतर बेड्या जड झाल्या. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी ते तेथेच वारले. वय सदतीस.

हे सर्व झाल्यावर आम्ही आमच्या साक्षीदाराकडे वळलो.

साक्षीदार म्हणजे आमची आजी. ती जाऊन पंधरा वर्षे झाली. पण तिने सांगितलेले आमच्या आईला आणि आम्हांला शब्दशः पाठ आहे. तिला ते तिच्या सासूबाईंनी सांगितले, आणि सासूबाईंना त्यांच्या सासूबाईंनी, म्हणजे जिने आंबील पाजली तिनेच. ऐकीव पुराव्याची ही तिसरी पायरी. कोर्टात आम्हीच हिला हरकत घेतली असती. पण आजीच्या सांगण्यात एक तपशील असा होता, की जो रचून सांगणाऱ्याला सुचत नाही. ती म्हणे, “तवा ठेवायचा दिवस नव्हता, म्हणून भाकरी नव्हती. दिंडे त्याला पचली नसती. मग आंबील दिली.” नागपंचमीला तवा ठेवीत नाहीत, चिरीत नाहीत, तळीत नाहीत. वीरपुरुषाला जेवू घातल्याची बढाई मारणारा माणूस पुरणपोळी वाढतो. भाकरी नव्हती अशी सबब सांगत बसत नाही. आम्हांस आजी खरे बोलत होती असे वाटू लागले, आणि त्याबरोबरच थोडी धास्तीही वाटू लागली.

आमच्या घरी पटवारगिरी होती. दप्तराचे रुमाल माळ्यावर आहेत. वाळवीने अर्धे खाल्ले, उरलेले शाबूत आहेत. तीस वर्षांहून जुना कागद योग्य ठिकाणातून निघाला तर न्यायालय तो खरा धरून चालते, आणि पटवाऱ्याच्या घरच्या माळ्याहून पटवाऱ्याच्या खर्ड्याला अधिक योग्य ठिकाण कोणते? मोडी आम्हांला अडखळत वाचता येते. दिवाळीच्या सुट्टीत तोंडाला उपरणे बांधून आम्ही माळ्यावर चढलो, आणि चौथ्या दिवशी शके १८०१ चा घरखर्चाचा खर्डा हाती लागला. श्रावण शुद्ध ५, गुरुवार. दूध, गूळ, नागाच्या पूजेला लाह्या, आणि खाली एक ओळ: ज्वरी परस्थास घोंगडी, नग एक.

खापरपणजोबांचे अक्षर ते. आम्ही तो कागद घेऊन माळ्यावरच बसलो. दीडशे वर्षांच्या गोष्टीचे दुसरे टोक असे अचानक हाताला लागावे, याचा आनंद कोणाला सांगावा? आजी खरी ठरली होती. परस्थ आला होता. त्याला ताप होता. नागपंचमी होती. घोंगडी दिली होती.

मग आम्ही पंचांग मोजले. १८७९ च्या १९ जुलैला, शनिवारी, आषाढी अमावास्या होती. दिव्यांची अवस, आमचे कानडी शेजारी तिला भीमन अमावास्या म्हणतात. दुसऱ्या दिवशी रविवारी श्रावण लागला. त्या रविवारच्या रात्री देवर नावदगीला फडके पकडले गेले. आमच्या ओट्यावर परस्थ बसला तो त्यानंतरच्या गुरुवारी, २४ जुलैला. चार दिवसांपूर्वीच फडक्यांच्या भोवती पहारा बसला होता. ज्या कागदाने आजीला खरे केले, त्याच कागदाने गावाला खोटे पाडले. आम्ही पुन्हा मोजले. महिना अधिक होता काय पाहिले. श्रावण अधिक नव्हता. खर्ड्यात वार आहे, तिथी आहे, शक आहे. पळवाट एकही नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या साक्षीदारांना तारखांच्या फटीत पकडले, त्याची फेड आम्हांला आमच्याच माळ्यावर करावी लागली.

‘वासुदेव’ हे नाव मग आले कुठून? आईला विचारले. आई म्हणाली, “अरे, वासुदेव यायचा ना पहाटे, मोरपिसांची टोपी घालून, टाळ वाजवत. आपल्याकडे कोणाही मागत्याला आजेसासूबाई वासुदेवच म्हणायच्या. भिकारी म्हणायचं नाही, वासुदेव म्हणायचं.” उलगडा झाला. घरातल्या बायकांच्या तोंडी जो वासुदेव दारावर येणारा कोणीही होता, तो पुढे कोणा पुरुषाने, बहुधा आमच्या आजोबांनीच, बळवंतरावांचा केला. आजोबा १९४७-४८ च्या हैदराबादच्या लढ्यात होते. १७ सप्टेंबर १९४८ नंतर त्या पिढीला आपल्या लढ्याची मुळे मागे मागे शोधण्याचा छंद लागला, आणि तो वाईट छंद नव्हता. निजामाच्या राज्यात जे बोलता आले नाही ते सर्व एकदम बोलावयाचे होते. त्या भरात ओट्यावरच्या वासुदेवाला आडनाव मिळाले. आजीने ते कधी उच्चारले नाही, हे आता आठवते. ती फक्त ‘तो वासुदेव’ म्हणे. पुढचे वाक्य नेहमी आजोबा पूर्ण करीत.

आम्ही उत्सवमंडळींपुढे कागद ठेवला आणि तारखा सांगितल्या. शांतपणे ऐकून घेतले त्यांनी. त्यांतले एक वयोवृद्ध गृहस्थ म्हणाले, “वकीलसाहेब, चार दिवसांचाच फरक ना? पंचांग कोण उघडतो आता? आणि गाणगापुराहून नदीकडे निघालेला माणूस या वाटेनं गेला नसेल असं तुम्ही तरी छातीवर हात ठेवून सांगता का?” नाही सांगता येत. वाट हीच आहे. तो आमच्या घरासमोरून गेलाही असेल, आदल्या आठवड्यात, अंगात ताप घेऊन, झोळीत आपल्या काळ्या पाण्याचा हुकूम स्वतःच्या अक्षरात वागवीत. आणि त्याला कोणी हाक मारली नसेल. ज्याला हाक मारली तो दुसरा होता. आम्ही एवढेच म्हणालो, की जो माणूस स्वतःविषयी इतके खरे लिहून फासाजवळ गेला, त्याच्या नावाने आम्हांला खोटे कोरता येणार नाही. बोलून गेल्यावर हे वाक्य आमच्याच कानाला थोडे नाटकी वाटले. पण ते परत घ्यावेसे वाटले नाही.

मग तो दुसरा कोण? नुकताच दुष्काळ सरला होता आणि त्याच्या पाठीवर तापाची साथ आली होती. नदीपलीकडच्या कलादगी जिल्ह्याची वस्ती १८७२ आणि १८८१ या दोन खानेसुमाऱ्यांच्या दरम्यान सुमारे पंचमांशाने घटली. जे घटले त्यांतले काही मेले, काही पोटासाठी नदी उतरून अलीकडे आले. आमचा परस्थ त्यांतला असेल. विणकर असेल, कुणबी असेल, रेल्वेच्या कामावरचा मजूर असेल. सोलापूर-रायचूरची आगगाडी या भागातून सुरू होऊन तेव्हा आठ वर्षे झाली होती. फडक्यांच्याच पांगलेल्या माणसांपैकी एखादा असेल, असेही मनात येते. पण या मोहाला आता आम्ही दार लावले आहे. ज्या दुष्काळासाठी फडके बंड करून उठले, त्या दुष्काळाच्या माणसाला आमच्या घरात आंबील मिळाली, इतके मात्र खर्ड्याच्या आधाराने म्हणता येते.

‘जन्मठेप काळे पाणी’ हे शब्द १९५५ च्या दुरुस्तीने दंडसंहितेतून गेले. १ जानेवारी १९५६ पासून त्यांच्या जागी नुसती जन्मठेप आली. १ जुलै २०२४ पासून ती संहिताही गेली आणि न्यायसंहिता आली. आमच्या कपाटात जुन्या संहितेच्या प्रती अजून आहेत. धाकट्या वकिलांना त्या अडगळ वाटतात.

गेल्या नागपंचमीला आम्ही मुद्दाम गावी गेलो. आईने नेहमीप्रमाणे आंबील केली, ताक घालून सारखी केली, वाडगा ओट्यावर ठेवून वर ताटली झाकली. आमच्याने राहवले नाही. आम्ही म्हणालो, “आई, तो फडके नव्हता, हे तुला सांगितलं ना?”

“सांगितलंस की.”

“मग?”

तिने ताटली नीट बसवली. “ताप होता ना त्याला?”

“खर्ड्यात तसं आहे.”

“श्रावणात नदीकाठी वारं फार लागतं,” ती म्हणाली. थोड्या वेळाने आत जाता जाता उंबऱ्यात थांबून तिने विचारले, “घोंगडी परत आली का रे, ते लिहिलंय का त्यात?”

आम्ही माळ्यावर जाऊन खर्डा खाली आणला. भाद्रपद पाहिला, आश्विन पाहिला, वर्षअखेरचा फाल्गुन पाहिला. परत जमा झाल्याची ओळ कुठे नाही.